बुद्ध पौर्णिमेआधीची पाहणी: पाणवठे, माग आणि मचाण

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून हरणं मोजायची असतील, तर निम्म्याहून अधिक काम आधीच्या पंधरा दिवसांत उरकावं लागतं. कुठलं पाणी जिवंत आहे, त्यावर कोण येतं, कुठल्या वाटेने येतं हे ठाऊक नसताना काढलेला आकडा कागदावर चांगला दिसतो, पण त्यातून जंगलाबद्दल काही कळत नाही. ही यादी विदर्भातल्या कोरड्या पानगळी जंगलांसाठी आहे. ताडोबाचा बफर, ब्रह्मपुरी, नागझिरा, पेंच या भागांना ती जशीच्या तशी लागू पडते.

आधी पंचांग उघडा. ही पौर्णिमा २०२४ साली २३ मेला आली, २०२५ साली १२ मेला आणि २०२६ साली थेट १ मेला. तीन आठवड्यांच्या या फरकाने सगळंच बदलतं. मेच्या सुरुवातीला नाल्यांच्या डोहांत पाणी शिल्लक असतं आणि कळप विखुरलेले असतात. २३ मेपर्यंत मोजकेच पाणवठे उरतात आणि सगळी जनावरं तिथे दाटतात. म्हणून दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडताना तारीख लिहिलेलीच हवी. वाघ आणि तृणभक्षी प्राण्यांचे अधिकृत अंदाज कॅमेरा ट्रॅप आणि रेषा पद्धतीने, म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेवर चालत दिसलेली जनावरं नोंदून, काढले जातात. पाणवठ्याच्या गणनेचा खरा उपयोग कुठल्या पाण्याला कोण लागतं हे कळण्यासाठी आहे, आणि तो मोठा उपयोग आहे.

परवानगीशिवाय पाहणीला निघू नका. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि त्या नियतक्षेत्राचा, म्हणजे एका वनरक्षकाकडे असलेल्या जंगलाच्या भागाचा, वनरक्षक किंवा जुना वनमजूर सोबत घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हरणामागे जाण्याचं कारण एकच उरलंय, ते म्हणजे राखण. आणि मेमध्ये मोहफुलांच्या हंगामाचा शेवट, तेंदूपानाची तोड आणि वणव्याचा धोका एकाच वेळी असल्यामुळे जंगलात कोण कुठे आहे हे खात्याला माहीत असणं गरजेचं असतं.

पहिलं काम पाण्याची यादी. नियतक्षेत्राचा नकाशा घ्या आणि कक्ष (नियतक्षेत्राचे क्रमांक दिलेले तुकडे) क्रमांकानुसार प्रत्येक डोह, झिरा, तलाव, सिमेंटची बशी (बशीच्या आकाराचा उथळ कृत्रिम पाणवठा), सौरपंपाचा हौद मांडा. मग सकाळी सहा ते नऊ या वेळेत प्रत्यक्ष जाऊन पाहा. काठाशी खुणा केलेली काठी रोवा आणि तीन दिवसांनी पातळी बघा. मेच्या उन्हात उघड्या उथळ पाण्यातून दिवसाला साधारण एक सेंटिमीटर पाणी नुसतं उडून जातं. जनावरं पितात ते वेगळं. वीतभर खोलीची बशी टँकर आला नाही तर दोन आठवडे टिकत नाही. पौर्णिमेपर्यंत जे पाणी राहणार नाही त्याच्यावर मचाण बांधण्यात अर्थ नाही. टँकर भरायचाच असेल तर तो दोन दिवस आधी येऊ द्या. त्याच दिवशी आला तर डिझेलचा वास आणि माणसांचा वावर यांमुळे संध्याकाळचे कळप बाहेरूनच वळतात. नाल्याच्या वाळूत रानडुकरांनी उकरलेले खड्डेही यादीत घ्या. त्यांत ओंजळभरच पाणी असतं, पण भेकर आणि चौसिंगा मोठ्या पाणवठ्यावरच्या गर्दीपेक्षा असं आडोशाचं पाणी पसंत करतात.

प्रत्येक ठिकाणी पाणी नीट न्याहाळा. मेलेले मासे किंवा बेडूक, काठावर मरून पडलेले पक्षी, वेगळा फेस, औषधाचा उग्र वास यांपैकी काहीही दिसलं तर चोरट्या शिकाऱ्यांनी युरिया किंवा कीटकनाशक टाकल्याची शंका घ्यायचीच. पाण्यात हात घालू नका. लिटमस पट्टी वापरा, पण रंग बदलला नाही म्हणजे पाणी सुरक्षित असं समजू नका, नमुना वनरक्षकाकडे द्या. पाण्याकडे येणाऱ्या वाटांवर गुडघ्याच्या उंचीला क्लचवायरचे फासे आणि जवळून वीजवाहिनी जात असेल तर खुंट्यांवर ताणलेली उघडी तार शोधा. तारेला अजिबात शिवू नका. जागा टिपून घ्या आणि १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर किंवा सोबतच्या वनरक्षकामार्फत लगेच कळवा.

आता माग. मेमधली जमीन दगडासारखी असते, तिच्यावर चितळाचा खूर उमटतच नाही. आणि ठसा दिसला नाही म्हणून जनावर नाही असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ असतात. त्यासाठी मागाचा पट्टा करावा लागतो. पाण्याकडे उतरणाऱ्या प्रत्येक मळलेल्या वाटेवर, पाण्यापासून वीस-पंचवीस पावलं अलीकडे, वाटेच्या रुंदीइतकी आणि दीड हात लांबीची जागा साफ करा. खडे, काटक्या, पानं काढा. चाळणीने चाळलेली फुफाट्याची माती बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या जाडीने पसरा आणि पळसाच्या डहाळीने हलकेच सपाट करा. जाड थर दिला तर कडा ढासळून ठसा फुगतो आणि चितळाचं सांबर होतं. हे काम दुपारी चारच्या आत आटपून निघून जा. सकाळी सूर्य खाली, तिरपा असतानाच वाचा. उजेड आडवा पडला की ठशाच्या कडेला सावली धरते आणि बारीक रेषाही दिसते. नऊनंतर वारा सुटतो, मग वाचायला काही उरत नाही.

वाचताना मोजपट्टी वापरा. पूर्ण वाढलेल्या चितळाचा खूर साधारण पाच सेंटिमीटर, अरुंद आणि टोकदार. सांबराचा त्याहून बराच मोठा, सात सेंटिमीटर किंवा अधिक. शेळीच्या खुराची टोकं बोथट असतात. रानडुकराच्या ठशामागे, मऊ मातीत, दोन्ही बाजूंना बाहेर फाकलेल्या मागच्या नख्या उमटतात. चितळाच्या पाडसाचा आणि चौसिंग्याचा ठसा मात्र भल्याभल्यांना चकवतो. तिथे नुसत्या खुरावर नाव लिहू नका, लेंडी शोधा. चौसिंगा आणि रोही म्हणजे नीलगाय एकाच जागी पुन्हापुन्हा लेंड्या टाकतात, त्यामुळे ढीग साचतो. चौसिंग्याची लेंडी लहान, रोह्याची बरीच मोठी. चितळ चरता चरता टाकत जातं. उन्हात लेंडीचं वरचं कवच काही तासांतच वाळतं, म्हणून वरून जुनी वाटली तरी काडीने फोडून बघा. आत हिरवट ओल असेल तर ती आज पहाटेचीच.

पाण्याबरोबर खाण्याचाही विचार हवा. गवत करपलेलं असतं, तेव्हा चितळं उंबर, वड, पिंपळ यांच्या खाली पडणारी फळं आणि वानरांनी तोडून टाकलेला पाला यांवर दिवस काढतात. पाण्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत फळलेलं उंबर असेल तर त्या पाणवठ्याला नकाशावर वेगळी खूण करा. याउलट तेंदूपान तोडणारी माणसं पहाटेपासून जिथे असतात, तिथे सकाळचे कळप येतच नाहीत. तोड कुठल्या कक्षात चालू आहे हे फळीमुन्शीला, म्हणजे तेंदूपान गोळा करण्याच्या फळीवरच्या कारकुनाला, विचारून ठेवा. पाहणीत दुपारी पाण्यात वाघ बसलेला दिसला, तर ओलं अंग घेऊन तो गेलेल्या वाटेवर त्या संध्याकाळी चितळं उशिरा येतील, हेही लिहून ठेवावं.

मचाणाची जागा बहुधा खातं ठरवतं, पण पाहणीत सहभाग असेल तर तुमचं मत विचारलं जातं. वैशाखातला पूर्ण चंद्र दक्षिणेकडून सरकतो, मध्यरात्रीही डोक्यावर येत नाही. झाडांच्या सावल्या रात्रभर उत्तरेकडे पडतात. म्हणून पाण्याच्या दक्षिण काठाला दाट जांभूळ किंवा करंज असेल तर पाण्यावर रात्रभर अंधारच राहतो, चांदणं कितीही लख्ख असो. दक्षिण काठ मोकळा असेल तर मचाण त्याच बाजूला, उत्तरेकडे तोंड करून, पाण्यापासून पंचवीस-तीस पावलांवर असावं. चंद्र पाठीशी राहतो आणि जनावराचं अंग उजळतं. या दिवसांत वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडून असतो, त्यामुळे माणसाचा वासही पाण्यावर जात नाही. तरी त्यावर भिस्त ठेवू नका. पातळ फडक्यात चुलीची राख बांधून पुरचुंडी करा आणि दुपारी चार, संध्याकाळी सात आणि पहाटे पाच अशी तीन वेळा झटकून बघा. उतारावरच्या पाणवठ्यावर ऊन उतरल्यावर थंड हवा नाल्याच्या दिशेने खाली वाहू लागते आणि दिवसाचा सगळा हिशेब उलटतो. जनावरांच्या मुख्य वाटेवर तुमचा वास जाणार असेल तर मचाण हलवायला सांगा.

झाड निवडताना वर बघा. फांदीला आग्या मोहोळ असेल तर ते झाड आणि त्याच्या शेजारची झाडंही सोडा. विडी, अत्तर, सुगंधी तेल यांनी मोहोळ उठतं. खोडावर अस्वलाच्या नख्यांचे ओरखडे असतील तर तिथेही नको. मचाणावर आधी दोन माणसांनी चढून दोर, खिळे, बांबू दाबून पाहावेत. गेल्या वर्षीचे दोर उन्हाने पिचलेले असतात, ते वापरू नका.

आता स्वतःचं सामान. दुपारी मचाणावर चढल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी उतरेपर्यंत माणशी पाच लिटर पाणी लागतं, आणि पारा पंचेचाळीसच्या वर असताना त्यात काटकसर करायची नसते. बाटल्यांना ओलं फडकं गुंडाळा. ओआरएसची चार पाकिटं, लिंबू, मीठ, कांदा जवळ ठेवा. जेवण म्हणजे कोरड्या पोळ्या, गूळ, शेंगदाणे. तळलेलं, मसाल्याचं आणि चुरचुरणाऱ्या पाकिटातलं काही नको. डोकं आणि कान झाकणारा सुती दुपट्टा, मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, गोचिडांसाठी पायमोज्यांत खोचलेली पॅन्ट. घाम येणं थांबून अंग तापलं, डोकं दुखून मळमळू लागलं किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर गणना तिथेच सोडा, अंगावर पाणी ओता आणि वनरक्षकाला बोलवा. गावाकडे जाणारी गाडी कुठे उभी आहे आणि फोनची रेंज कुठे मिळते हे चढण्याआधीच विचारा. लघवीसाठी रुंद तोंडाची बाटली ठेवा, कारण अंधार पडल्यावर खाली उतरायचं नाही. माचीस आणि विडी गावातच ठेवा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम आहे.

दुर्बीण ८×४२ किंवा ७×५० असावी. रात्री जास्त मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीपेक्षा जास्त उजेड गोळा करणारी कामाला येते. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा आणि उजेड फक्त तक्त्यावर पाडा, पाण्यावर कधीच नाही. फ्लॅश आणि मोबाइलचा आवाज बंद.

तक्ता आधीच आखून न्या: वेळ, प्राणी, नर, मादी, पाडस, कुठून आला, कुठे गेला, पाणी प्यायला की नाही. काहीच न आलेला तासही शून्य म्हणून लिहा. कळप आला की लगेच मोजायला लागू नका. चितळं पाळीपाळीने वाकतात, मागची झाडीतच राहतात. म्हणून पाणी पिऊन निघताना एका रांगेत जातात तेव्हा मोजा. फाटका कान, तुटलेलं शिंग, लंगडा पाय अशा खुणा टिपल्या तर दोनदा येणारं जनावर दोनदा मोजलं जात नाही. मेमध्ये बहुतेक चितळ नरांची शिंगं पूर्ण असतात. सांबरांचं तसं नसतं. एप्रिल-मेच्या सुमारास बऱ्याच नरांची शिंगं गळालेली किंवा मखमलीत (वाढत्या शिंगावरची मऊ केसाळ कातडी) असतात, त्यामुळे शिंगं नाहीत म्हणून मादी लिहिली तर रात्रभर चूकच लिहिली जाते. जाड काळसर मान आणि तिच्यावरची राठ आयाळ पाहा. नक्की कळलं नाही तर लिंगाचा रकाना मोकळा ठेवा. रोही कमी दिसले तर दचकू नका. त्यांचं पाण्यावाचून चितळापेक्षा बरंच भागतं, त्यामुळे या पद्धतीत ते नेहमीच कमी मोजले जातात.

पौर्णिमेआधीच्या दोन-तीन दिवसांत अवकाळी सर आली तर पुन्हा एक फेरी मारा. खळग्याखळग्यांत पाणी साचलं असेल तर जनावरं पांगतात आणि ठरलेल्या पाणवठ्यावर आकडा निम्म्यावर येतो. अशा वेळी पाऊस कधी पडला आणि आसपास किती ठिकाणी पाणी दिसलं हे तक्त्याच्या पहिल्याच ओळीत लिहा. सकाळी गाडी मचाणाखाली येऊन उभी राहिल्याशिवाय उतरू नका, बाटल्या आणि कागद मोजून खाली आणा, आणि तक्त्यावर वनरक्षकाची सही घेऊन त्याचा फोटो आपल्याजवळ ठेवा.