जुन्या काळातली प्रेमकथा लिहिताय? या चुका टाळा

परवा पणजीत एक नवा मराठी चित्रपट पाहिला. १९८६ चा पावसाळा, मुलगी पणजीतल्याच फोंतैन्यशची, मुलगा मांडवी नदीपल्याड बेतीचा, हलकीफुलकी प्रेमकथा. पोस्टर इतकं झकास की मावसबहिणीलाही ओढून नेलं. मध्यंतरात ती म्हणाली, "ताई, ही दोघं भांडली कशावरून गं?" मला सांगता येईना. नाव घेत नाही, कारण लघुपटाच्या संहिता घेऊन माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या लिखाणातही हेच दुखणं असतं.

दुखणं असं की काळ फक्त कपड्यांत असतो, कथेत नसतो. तपासायची सोपी युक्ती सांगते. नायकाच्या खिशात मोबाइल टाका आणि गोष्ट पुन्हा वाचा. काहीच बिघडत नसेल, तर तुमची गोष्ट आजचीच आहे, उगाच बेलबॉटम घालून हिंडते आहे. (१९८६ मध्ये बेलबॉटम! ती फॅशन तोवर कधीच ओसरली होती.) या चित्रपटातली दोघं हवी तेव्हा, हवी तिथे भेटतात. चुकामूक नाही, ताटकळणं नाही, भलत्याच्या हाती पडलेली चिठ्ठी नाही. मग हसायचं कशाला?

आणि साल कुठलं निवडलं, तर १९८६! त्या वर्षी ५ जुलैला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. पणजी आणि नदीपल्याडचा बार्देश तालुका यांच्यामध्ये पुन्हा फेरीबोट आली. मुलगी अल्याड, मुलगा पल्याड, मधे भरलेली नदी; असं आयतं विघ्न पटकथाकाराला शोधून सापडत नाही. चित्रपटात पूल रेडिओवरच्या बातमीत पडतो आणि पुढच्याच दृश्यात नायक स्कूटरवरून तिच्या दारात हजर. कुठून आला, देव जाणे.

त्याच वर्षी राजभाषेचा वाद पेटला होता. कोकणी की मराठी, यावरून घराघरांत तट पडले होते. राजभाषा कायदा झाला तो फेब्रुवारी १९८७ मध्ये. मुलीचे वडील एका बाजूचे, मुलाचे दुसऱ्या बाजूचे, एवढं केलं असतं तरी जेवणाच्या टेबलावरचा एक प्रसंग वीस मिनिटं चालला असता. त्याऐवजी बाप रागावतो, कारण बापाने रागवायचं असतं.

पिवळ्या रंगाचंही बोलू. जुना काळ म्हटला की सगळी चौकट हळदीत बुडवायची, हे कुठून आलं? ईस्टमनकलरच्या जुन्या प्रतीसुद्धा विटतात तेव्हा गुलाबी-लालसर पडतात. शिवाय हा आमचा जुलै. भिंतींवर शेवाळ, चिऱ्याचा ओला तांबडा रंग, आभाळ राखाडी. त्यात पिवळा फिल्टर मारला की पणजी जैसलमेर दिसते. गाण्यात तर ऐन पावसात किनाऱ्यावर उन्हात पहुडायच्या खाटा मांडून ठेवल्यात!

बारीकसारीक चुका पटकन सांगते. गाडीवर 'जीए' पाटी नको, तेव्हा आमच्या पाट्या 'जीडी'ने सुरू व्हायच्या. कचेरीच्या फलकावर 'गोवा राज्य' नको. घटक राज्य झालं ३० मे १९८७ ला, तोवर गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश. आणि झिंगलेला, गिटार वाजवणारा शेजारी कृपया आता पुरे.

संहिता लिहिण्याआधी त्या काळात तरुण असलेल्या दोन माणसांशी बोला. पुस्तकं नंतर वाचा. चित्रपट संपल्यावर बाहेर पाऊस लागला म्हणून आम्ही आडोशाला उभ्या होतो. शेजारी एक काका होते. ते आपणहून सांगू लागले, "आमी तेन्ना फेरीबोटीन वताले." (आम्ही तेव्हा फेरीबोटीने जायचो.) मग मराठीत: बायको तेव्हा बायको नव्हती, पणजीला नोकरी करायची. एकदा ती यायला उशीर झाला म्हणून ते बेतीहून निघाले आणि नेमकी तीही पलीकडून निघाली. मांडवीच्या मधोमध दोन्ही फेरीबोटी एकमेकींना ओलांडून गेल्या. दोघांनी हात केले.

"मग हो काका?"

"मग काय, मी पणजीला उतरलो, ती बेतीला. मी लगेच उलटा फिरलो. तीही फिरली होती."