रिक्रिएशनल कयाक की सी कयाक, घेण्याआधी काय बघायचं

कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद बोट, घ्यायची म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न, पळते कुठली जास्त? मी म्हणेन आधी हे विचारा की उलटली तर पुढे काय, कारण या दोन बोटींमधला खरा फरक तिथेच आहे.

मापं पटकन सांगून टाकतो. रिक्रिएशनल कयाक साधारण ९ ते १२ फूट लांब, २८ ते ३२ इंच रुंद. सी कयाक १४ ते १८ फूट लांब आणि रुंदीला २० ते २४ इंचच, त्यात बसलं की कंबर जवळजवळ दोन्हीकडे टेकते. लांब बोट सरळ जाते, एका वल्ह्यात अंतरही जास्त कापते. आखूड बोट पटकन वळते, चढ-उतारायला सोपी, पण कितीही जोर लावा, एका वेगानंतर नुसतं नाकापुढचं पाणी ढकलत बसते.

आता स्टेबिलिटी, इथे बरेच जण फसतात. दुकानदार रुंद बोट दाखवून म्हणतो एकदम स्टेबल आहे, आणि तो खोटं नाही बोलत, पवना किंवा मुळशीच्या शांत पाण्यात तिच्यात पाटावर बसल्यासारखं वाटतं. पण बूड सपाट असल्यामुळे बाजूने लाट आली की बोट लाटेच्या उतारासारखीच तिरकी होते, तुम्हीही तिरके होता, आणि एका टप्प्यानंतर ती सावरायला वेळच देत नाही, सरळ पालथी. सी कयाकचं बूड गोलसर किंवा थोडं व्ही आकाराचं, त्यामुळे बसल्या बसल्या ती डुगडुगते आणि नवीन माणसाला वाटतं आता गेलो पाण्यात. पण तिच्यात मांड्या डेकखाली, म्हणजे बोटीच्या वरच्या झाकलेल्या भागाखाली, घट्ट अडकलेल्या असतात, लाट आली की कमरेखाली बोट हलते आणि वरचं अंग सरळ राहतं. जास्त कलली तरी बऱ्याच कोनापर्यंत ती पेलून धरते.

उलटलीच तर? रिक्रिएशनल बोटीची बसायची जागा मोठी, आत बऱ्याचदा पार्टिशन नाहीच, असलं तर मागे एखादं, नाहीतर फोमचा तुकडा. आत दोनशे लिटर पाणी शिरलं म्हणजे दोनशे किलो झाले, ती मधल्या पाण्यात रिकामी करून परत चढणं जवळपास अशक्य, किनाऱ्यापर्यंत ओढतच न्यावी लागते. किनारा जवळ असेल तर ठीक. सी कयाकमध्ये सीटच्या पुढे एक आणि मागे एक पार्टिशन असतं, पाणी फक्त मधल्या भागात भरतं, दोन्ही टोकं तरंगत राहतात. सोबतचा माणूस तुमच्या बोटीचं नाक स्वतःच्या डेकवर ओढून घेतो, पालथ्या बोटीतलं पाणी बाहेर पडतं, मग ती सुलटी करून धरतो आणि तुम्ही मागून पोटावर सरकत आत जाता. सराव असेल तर दोन-तीन मिनिटांचं काम. हे आधी उथळ पाण्यात करून बघायचं, आणि स्प्रे स्कर्ट, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालून बसायच्या जागेवर ताणायचं झाकण, लावत असाल तर त्याची ओढायची पट्टी बाहेर राहिलीय ना हे दर वेळी बघायचंच.

म्हणून दुकानात काय करायचं, डेकवरचं झाकण उघडा आणि मोबाईलचा टॉर्च आत मारा. काही बोटींना झाकण असतं पण आत भिंतच नसते, थेट तुमचे पाय दिसतात, म्हणजे ते झाकण नुसतं शोभेचं. भिंत असेल तर कडेचं सील फटीशिवाय आहे का बघा. डेकच्या कडेने दोरी फिरवलीय का बघा, पाण्यात पडल्यावर ओली गुळगुळीत बोट धरायला तीच लागते. मग आत बसून गुडघे बाहेर दाबा, डेकला टेकत नसतील तर ती बोट तुमच्या मापाची नाही.

कोकणात आणखी एक गोष्ट. पहाटे-सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, किनाऱ्यालगत पाणी अगदी शांत दिसतं आणि आखूड बोट गुपचूप बाहेर ढकलली जाते, परत येताना कळतं. दुपारी खारे वारे सुटले की छोट्या लाटा उठतात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तशा मुखाशी ओहोटीत पाणी बाहेर ओढतं आणि समोरून लाटा, तिथे रिक्रिएशनल बोट नकोच. भरतीचा ढोबळ हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट, चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, पुढचे सहा तास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ सगळ्यात जास्त. नक्की वेळ टाइड टेबलमध्ये बघा, आणि पावसाळ्यात समुद्राचं नावच काढू नका.

बीचवर भाड्याने मिळते ती बहुतेक वेळा सिट-ऑन-टॉप, वर उघडी, पाणी भोकांतून आपोआप खाली जातं आणि उलटली तरी परत चढता येतं. मजेला ती उत्तम, पण वाऱ्यात तीही आखूड बोटच. लाइफ जॅकेट तिन्हींत लागतंच.

माझं मत विचाराल तर तलाव, बॅकवॉटर आणि रविवारची सकाळ एवढंच असेल तर रिक्रिएशनल घ्या, सी कयाकवर पैसे घालू नका. मालवणच्या किनाऱ्याने लांब जायचं मनात असेल तरच सी कयाक, आणि तीसुद्धा आधी कुणाकडे तरी शिकून. फक्त १७ फुटी बोट सोसायटीच्या लिफ्टमध्ये जात नाही, जिन्यात वळत नाही, तेव्हा ठेवायची जागा आधी मोजा किंवा तुकड्यांत सुटी होणारी बघा, मिळते तशी पण महाग पडते.