‘हायड्रा’ फ्रिगेटचं तरंगतं मॉडेल, १:१०० मापात

गणेशोत्सवाच्या देखाव्यात किंवा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाण्यावर जहाज दाखवायचं असेल, तर ग्रीक नौदलाची ‘हायड्रा’ ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) चांगली पडते. १:१०० चं माप धरलं की हिशेब सोपा होतो. मूळ जहाज ११७ मीटर लांब आणि १४.८ मीटर रुंद. मॉडेल ११७ सेंमी आणि १४.८ सेंमी.

खरा प्रश्न वजनाचा. मूळ जहाजाचं पूर्ण भारासह वजन सुमारे ३,३५० टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही शंभरपट कमी होतात, म्हणून वजन दहा लाखपट कमी, म्हणजे मॉडेल ३.३५ किलोचं. तलावाचं पाणी गोडं, समुद्रापेक्षा हलकं, म्हणून ३.२७ किलोवर थांबा, तरच पाण्याची रेघ जागेवर येते. काट्यावर मोजल्याशिवाय पाण्यात सोडू नका.

सांगाड्यासाठी ३ मिमी मरीन प्लाय, दर ८ ते १० सेंमीवर एक आडवी चौकट. मधल्या जागेत थर्मोकोल भरून घासा आणि वरून फायबर कापड इपॉक्सीने चिकटवा. इथेच बहुतेकांचं बिनसतं: दुकानात स्वस्त पॉलिस्टर रेझिन मिळतं, त्यातल्या स्टायरिनने थर्मोकोल विरघळून जातो. बेळगावच्या पावसात, खानापूरकडे तर जास्तच, ओला प्लाय वाकतो. कापण्याआधी तो सपाट फळीवर दाबून वाळवा आणि कडांना लगेच इपॉक्सी लावा.

वरचं बांधकाम ३ मिमी सनबोर्डचं, शक्य तितकं हलकं. पुढच्या डेकवर मूळच्या १२७ मिमी तोफेची प्रतिकृती, ब्रिजसमोर (जहाज चालवण्याच्या खोलीसमोर) एक आणि हेलिकॉप्टरच्या हँगरवर एक अशा दोन फॅलँक्स (जवळ आलेली क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या स्वयंचलित तोफा), मागे ‘एजियन हॉक’ हेलिकॉप्टरचं डेक. वर वजन वाढलं की जहाज कलंडतं, म्हणून भार तळालाच. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे बिडाचे छोटे तुकडे यासाठी उत्तम. ते मधल्या रेषेवर बसवून इपॉक्सीने पक्के करा. सुटे राहिले तर पहिल्याच हेलकाव्याला एका बाजूला सरकतात आणि मॉडेल उठत नाही. आधी घरच्या टबमध्ये डेकची कड बोटाने दाबून सोडा. लगेच सरळ झालं, तर किल्ला तलावावर न्या.

माहितीफलक मराठी आणि कन्नड दोन्हीत लावा. त्यावर ‘हायड्रा’ वर्गाचा, म्हणजे एकाच आराखड्याच्या चारही जहाजांचा, आणि एका जहाजाचा इतिहास मिसळू देऊ नका. ‘हायड्रा’ हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फोस गोदीत बांधली गेली, १९९२ मध्ये सेवेत आली, क्रमांक एफ ४५२. ‘स्पेत्साई’, ‘प्सारा’ आणि ‘सलामिस’ ग्रीसमधल्या स्कारामांगा गोदीत बांधल्या. सोमालियाच्या चाच्यांविरुद्ध डिसेंबर २००८ मध्ये सुरू झालेल्या युरोपीय ‘अटालांटा’ मोहिमेची पहिली ध्वजनौका (ताफ्याच्या प्रमुखाचं जहाज) ‘प्सारा’ होती. तो मान ‘हायड्रा’च्या नावावर लिहू नका. ‘हायड्रा’च्या खाली २०२४ ची लाल समुद्रातली ‘अस्पिदेस’ मोहीम लिहा: येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या ड्रोन आणि क्षेपणास्त्रांपासून व्यापारी जहाजांचं रक्षण.