पेडलवर चवडा ठेवावा
सायकलने चढ चढताना गुडघे भरून येत असतील, तर पाऊल पेडलवर नेमके कुठे टेकते ते आधी पाहावे; अनेकांच्या तळव्याचा मधला खोलगट भाग पेडलवर असतो. त्याऐवजी अंगठ्यामागचा चवड्याचा फुगीर भाग पेडलच्या आसावर आणावा आणि गुडघा बाहेर फाकू देऊ नये.

सीटची उंची तपासण्यासाठी भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसावे, पेडल अगदी खाली नेऊन त्यावर टाच टेकवावी. कंबर न कलता पाय सरळ झाला, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. दिवे घाटासारखा चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा.

सीट मात्र एका वेळी 5 मिलिमीटरपेक्षा अधिक हलवू नये.