आपला साखर कारखाना टिकेल का? अहवालातून असं ओळखा

वार्षिक सभेच्या आधी आपल्या सहकारी कारखान्याचा अहवाल घरी येतो आणि आपण चेअरमनचा फोटो बघून तो कपाटावर टाकतो. तो खाली काढा.

आधी गाळप किती दिवस चाललं ते बघा, तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहून. पगार आणि कर्जाचं व्याज बारा महिने चालू असतं, आणि क्षमता वाढवून ठेवलीय पण ऊसच नाही म्हणून शंभर दिवसांत पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, तर सगळा बोजा तेवढ्याच साखरेवर येतो.

मग उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली. 2025-26 ला 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3550 रुपये एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) ठरली, वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला साधारण 34 रुपये 60 पैसे जादा, म्हणजे शेजारचा कारखाना अर्धा टक्का पुढं असेल तर टनामागं 173 रुपयांचा फरक पडला. यात एक गोम आहे, बी हेवी मळी (जिच्यातून साखर पुरती काढलेली नाही अशी मळी) इथेनॉलला वळवली की साखर कमी निघते आणि उतारा पडलेला दिसतो, म्हणून वळवलेली साखर धरून उतारा किती हे विचारायचं. तोडणी-वाहतूक पण बघा, ती एफआरपीतूनच कापतात. (वजनकाट्याचं राजकारण वेगळंच, ते अहवालात सापडत नाही.)

ताळेबंदात संचित तोटा किती, नक्तमूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) उणे झालंय का आणि ऑडिट वर्ग, म्हणजे लेखापरीक्षकानं दिलेली श्रेणी, कोणता, एवढं बास. उसाचं बिल 14 दिवसांत द्यायचा नियम आहे, उशिराला 15 टक्के व्याज. खरं काय ते आपल्या पासबुकात दिसतंच, आणि माझ्या मते हाच सगळ्यात भरवशाचा आकडा.

स्पर्धेसाठी व्यवस्थापनतज्ज्ञ मायकल पोर्टरची 1979 ची पाच शक्तींची चौकट (नवे येणारे, पर्याय, गिऱ्हाईक, पुरवठादार आणि आपसातली चुरस) इथं मस्त बसते. नवीन कारखाना यायला 25 किलोमीटर हवाई अंतराची अट आडवी येते, पर्याय म्हणजे गुऱ्हाळ, गिऱ्हाईक म्हणजे साखर व्यापारी आणि इथेनॉल घेणाऱ्या तेल कंपन्या, पुरवठादार आपण स्वतःच आणि मालकही आपणच. फक्त सरकार या पाचात नाही, आणि डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉलवर एकदम बंदी आली तेव्हा डिस्टिलरीसाठी कर्ज काढलेल्यांचं गणितच बिघडलं, म्हणून उत्पन्न किती ठिकाणांहून येतं, साखर, कोजन (चिपाडावरची वीज), इथेनॉल, ते वेगवेगळं मांडून बघा.

शेवटी पाणी: स्पेंट वॉशचं (डिस्टिलरीच्या सांडपाण्याचं) काय करतात, प्रदूषण मंडळाची नोटीस आली होती का, कार्यक्षेत्रात ठिबकवर ऊस किती.

प्रश्न लेखी आणि सभेच्या आधीच द्या, पोच घ्या, नाहीतर ‘मंजूर, मंजूर’च्या गोंधळात सभा उरकते.