गोव्यात गाळा कुठे घ्यावा: आधी नदी बघा, मग भाडं

दोडामार्ग, सावंतवाडी, चंदगड, बेळगाव इथून गोव्यात धंदा थाटायला येणारी मंडळी मला पहिला प्रश्न एकच विचारतात: "पणजीत गाळा मिळेल का?" मी हॉटेलांच्या कोल्ड रूम, डीप फ्रीझर, बर्फाची मशिनं आणि एसी दुरुस्त करतो. वर्कशॉप म्हापशाबाहेर करासवाड्याजवळ आहे. कामानिमित्त पेडण्यापासून काणकोणपर्यंत फिरणं होतं, त्यामुळे कुठल्या गावात कुठला धंदा धरतो आणि कुठलं शटर वर्षभरात दुसऱ्याच पाटीखाली उघडतं, हे येता-जाता दिसत राहतं. पणजीत गाळा मिळेल हो. पण तुम्हाला तो हवा आहे का, हे आधी ठरवू.

गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण साडेचौदा लाख होती, म्हणजे पुणे शहराच्या निम्मीही नाही. ती ३,७०२ चौरस किलोमीटरमध्ये पसरलेली आहे. त्यामुळे पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा ही वेगवेगळी शहरं न धरता एकाच मोठ्या शहराचे भाग धरावेत. माणसं तशीच वागतात. राहतात म्हापशाला, नोकरी पणजीत, मुलगी फर्मागुढीच्या कॉलेजात, मासळी मडगावची. फरक एवढाच की या शहराच्या मधून मांडवी आणि जुवारी वाहतात आणि उत्तरेला शापोरा आहे.

म्हणून भाडं विचारण्याआधी स्वतःला एक गोष्ट विचारा: तुमच्या धंद्यात हलतं कोण? गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं, तुम्ही गिऱ्हाइकाकडे जाता, की दोघंही जागेवर आणि नुसता माल फिरतो? साड्या, भांडी, चष्मे, दंतवैद्य यांच्याकडे माणूस पायाने येतो. त्यांनी बाजारपेठेतच बसावं, भाडं कितीही टोचलं तरी. माझ्यासारखा दुरुस्तीवाला, केटरर, मांडववाला, पेस्ट कंट्रोलवाला स्वतः जातो. त्याला बाजारातला गाळा म्हणजे गाडी लावायला जागा नसलेली महागडी खोली. आणि माल बनवून पाठवणाऱ्याला दुकान लागतच नाही, त्याला थ्री-फेज वीज, पाणी आणि ट्रक वळेल एवढा रस्ता लागतो. येणाऱ्यांतले बरेचजण दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारातले असतात, आणि जागा मात्र पहिल्या प्रकारातली शोधत असतात. नातेवाइकांना दाखवायला बरी दिसते, दुसरं काय.

हे ठरलं की नकाशा घ्या आणि तुमच्या पहिल्या पंधरा-वीस संभाव्य गिऱ्हाइकांवर पेनाने ठिपके काढा. बहुतेक ठिपके नदीच्या कुठल्या बाजूला पडले? तुमची जागा त्याच बाजूला. भाडं दुसऱ्या बाजूला स्वस्त असलं तरी. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला आणि म्हापसा-पणजी वाहतूक पुन्हा फेरीबोटीवर आली. जुनी माणसं ते दिवस अजून सांगतात. आज मांडवीवर पूल शेजारी-शेजारी तीन आहेत, तिसरा अटल सेतू २०१९ मध्ये सुरू झाला. जुवारीचा नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये अर्धा आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात पूर्ण खुला झाला. त्याआधी कुठ्ठाळी-आगशीची रांग हा दिवसाच्या हिशेबातला वेगळा रकाना असायचा. आता मडगावचा माणूस पणजीचं काम धरू शकतो, हा मोठा बदल आहे. पण पूल रुंद झाला म्हणजे पुलाकडे जाणारा रस्ता रुंद झाला असं नाही. वाटेवरच्या पर्वरीत उड्डाणपुलाचं काम निघालं तेव्हा म्हापसा ते पणजी या तेरा-एक किलोमीटरचा अंदाज बांधणं आम्ही सोडूनच दिलं होतं. पणजीतल्या एखाद्या रेस्टॉरंटची कोल्ड रूम दुपारी बारा वाजता बंद पडली, आत मासळी भरलेली, आणि तुम्ही नदीपलीकडे पर्वरीच्या सुकूरला उभे. असल्या वेळी भाड्यात वाचवलेले चार हजार कुणाला आठवत नाहीत.

मी म्हापशाकडे का, तेही सांगतो, कारण दुरुस्तीच्या आणि पुरवठ्याच्या धंद्याला ते गणित बऱ्यापैकी लागू पडतं. म्हापशाहून रस्ते पंख्यासारखे फुटतात: एक कळंगुट-बागाकडे, एक हणजुणेकडे, एक शिवोलीवरून पूल ओलांडून मोरजी-हरमलकडे, एक करासवाड्याहून थिवी-डिचोलीकडे, आणि महामार्ग सरळ कोलवाळ, धारगळ, पत्रादेवी. मुंबईहून रात्रीच्या बसमध्ये टाकलेलं कॉम्प्रेसरचं पार्सल पणजीच्या आधी इथे उतरतं. थिवीला कोकण रेल्वेचं स्टेशन आणि औद्योगिक वसाहत आहे. हेल्पर मुलं डिचोली, दोडामार्ग, बांद्याहून दुचाकीने येऊन-जाऊन काम करतात, त्यांना खोल्या शोधून द्याव्या लागत नाहीत. हा मुद्दा कुणी धरत नाही, पण किनाऱ्यालगत हेल्परसाठी खोलीचं भाडं विचारून बघा, मग कळेल. बाजारपेठेत दुकान घेणार असाल तर मात्र शुक्रवारी या. शुक्रवारच्या बाजाराला बार्देश, पेडणे, डिचोली सगळं लोटतं आणि सीमेपलीकडचं गिऱ्हाईकही येतं. विक्रेत्याला सोन्याचा दिवस, गाडी घेऊन कामावर निघणाऱ्याला डोकेदुखी. म्हणून मी बाजारात नाही, महामार्गाला लागून आहे.

पणजी कुणासाठी? कागदाचं काम करणाऱ्यांसाठी: सीए, विमा, सल्लागार, प्रवासी कंपन्या, शिवाय पाटो भागातल्या बँका आणि कार्यालयांना सेवा देणारे. अठरा जून रस्त्यावर कपड्याचं, काजूचं, चपलांचं दुकान चालतं, पण संध्याकाळी मांडवीकाठी कॅसिनोंची गर्दी सुरू झाली की गाडी लावायला जागा शोधणं हेच एक काम होऊन बसतं. स्थानिक गिऱ्हाईक संध्याकाळी तिकडे फिरकेल असं गृहीत धरू नका. घरगुती गिऱ्हाईक हवं असेल तर ताळगाव आणि करंझाळे बघा, माणसं तिथे राहतात. वकील मंडळींची ओढ आता पर्वरीकडे आहे: विधानसभा २००० पासून तिथे, आणि उच्च न्यायालयाची इमारतही २०२१ पासून तिथेच. पर्वरी दिसायला शहर आहे, कारभार मात्र पंचायतींचा. त्यामुळे गाळा नेमका सुकूरच्या हद्दीत आहे की पेन्ह द फ्रान्सच्या, हे आधी विचारा. परवाना त्या-त्या पंचायतीतून निघतो.

मडगावचा बाजार म्हापशाहून मोठा आणि सासष्टी तालुक्याचा सगळा पैसा तिथेच फिरतो. बाणावली ते मोबोर या पट्ट्यात मोठी पंचतारांकित हॉटेलं आहेत. त्यांचं वार्षिक कंत्राट मिळालं तर काम पक्कं, पण बिल हातात पडायला महिनेही लागू शकतात, म्हणून खिशात भांडवल असेल त्यानेच तिकडे बघावं. वेर्णा ही गोव्यातली सर्वांत मोठी औद्योगिक वसाहत. औषध कंपन्यांना पुरवठा करणाऱ्याने मडगाव किंवा वेर्ण्याबाहेर जागा शोधण्यात अर्थ नाही. वसाहतीतला प्लॉट मात्र औद्योगिक विकास महामंडळाचा असतो आणि भाडेपट्ट्याने दिलेला असतो. त्यातला तुकडा कुणी तोंडी बोलीवर पोटभाड्याने देत असेल तर महामंडळाची परवानगी दाखव म्हणावं. वास्कोबद्दल थोडक्यात: बंदर, शिपयार्ड, नौदल यांच्याशी काम असेल तर जा, नाहीतर नको.

फोंड्याला लोक विनाकारण कमी लेखतात. समुद्र नाही, म्हणून पर्यटक नाही, म्हणून सीझनही नाही. बारा महिने सारखं चालणारं गिऱ्हाईक हवं असेल तर हेच हवं. कुंडई, बेतोडा, मडकईच्या वसाहती जवळ, बेळगावचा माल घाट उतरून सरळ इथे येतो. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे या देवस्थानांमुळे फुलवाले, खानावळी, पूजासाहित्य, छोटी लॉजिंग यांना वर्षभर काम असतं. मराठी बोलणाऱ्याला पहिल्या दिवशी परकं वाटत नाही. अडचण एकच, मडगावला जायचं तर बोरीचा पूल आणि पणजीला जायचं तर बाणस्तारी. दोन्हीकडे सकाळी नऊला स्वतः गाडी घालून बघा.

आता पेडणे. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमानं उडायला लागली आणि तेव्हापासून प्रत्येकाचा एक मावसभाऊ तिथे जागा दाखवतोय. विमानतळ खरा, रस्ता खरा, धारगळचं आयुष इस्पितळ खरं. पण विमानातून उतरणारा माणूस टॅक्सीत बसून हरमल, हणजुणे नाहीतर पणजी गाठतो, मोपाच्या माळावर चष्मा विकत घ्यायला थांबत नाही. वाहतूक, गोदाम, लाँड्री, खानपान पुरवठा हे धंदे तिथे उभे राहतील. किरकोळ दुकानाने घाई करू नये. आणि त्या तालुक्यात जमिनीवर कुळांचे आणि मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे) दावे पुष्कळ आहेत. दाखवलेल्या जागेची हद्द दिसते तिथेच संपते असं समजू नका.

किनारपट्टीचा हिशेब वेगळाच. कळंगुट-कांदोळीत भाडं बारा महिन्यांचं आणि खरी कमाई ऑक्टोबर ते मे. जूनच्या आधी शॅक निघतात, अर्धी हॉटेलं खोल्या झाकून ठेवतात. मालकाशी बोलताना पावसाळ्याचं भाडं वेगळं ठरवता येतं, पण ते आधी आणि कागदावर. जून उजाडल्यावर बोललात तर कुणी ऐकत नाही. दुसरं, खारा वारा. किनाऱ्याजवळच्या एसीच्या बाहेरच्या युनिटची अॅल्युमिनियमची पातळ पाती काही वर्षांत भुगा होऊन गळतात; तोच एसी फोंड्यात कितीतरी जास्त टिकतो. तुमच्या मालात पत्रा, मोटार, इलेक्ट्रॉनिक सर्किट असेल तर साठा किनाऱ्यापासून आत ठेवा आणि तिथे फक्त काउंटर ठेवा. हे मी पोटासाठी सांगत नाही, माझं पोट तर त्या गळणाऱ्या पात्यांवरच आहे.

जागा आवडली की कागद. एक-चौदाचा उतारा (आपल्या सातबारासारखा) बघा आणि मालकाच्या रकान्यात किती नावं आहेत ती मोजा. जुन्या घरांत आजोबांच्या सगळ्या वारसांची नावं असतात, एक लिस्बनला, एक लंडनला, एक मुंबईत. तुमच्याशी बोलणाऱ्याकडे बाकीच्यांचं मुखत्यारपत्र आहे का? विकतच घेणार असाल तर विकणाऱ्या नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, कारण इथल्या नागरी कायद्यात बहुतेक जोडप्यांची मालमत्ता सामायिक धरली जाते. जागा कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या जुन्या सामायिक जमिनीच्या संस्थेची असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका. जमीन शेतीची असेल आणि रूपांतराची सनद नसेल, तर वर बांधलेला गाळा कितीही चकचकीत असो, परवाना अडतो. रस्त्यालगतची बेकायदा बांधकामं न्यायालयापर्यंत गेलेली आहेत, आणि मोडतोड आली की नुकसान भाडेकरूच्या मालाचंही होतं. विजेचा मीटर घरगुती आहे की व्यापारी, भार किती मंजूर आहे, हे बिल मागून वाचा. "थ्री-फेज येईल" या वाक्यात "येईल" कधी, ते वीज खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. आवाज किंवा सांडपाणी असलेला धंदा असेल तर त्या गावातल्या ग्रामसभेत गेल्या वर्षी कशावरून भांडण झालं, ते मराठी पेपरांच्या तालुक्याच्या पानांत सापडतं.

जागा बघायला एकदाच जाऊ नका, आणि दलालाच्या वेळेवर तर नकोच. तो तुम्हाला सकाळी अकराला नेईल, तेव्हा सगळा गोवा सुंदर दिसतो. तुम्ही दुपारी दोनला जा. आजूबाजूची सगळी दुकानं एक ते साडेतीन-चार बंद असतील तर तुमचंही गिऱ्हाईक त्या वेळी घरी झोपलेलं आहे, आणि तुम्ही उघडं ठेवून फायदा नाही. जुलैत मोठी सर येऊन गेल्यावर जा, पाणी कुठे साचतं ते बघा. शेजारच्या चहावाल्याला वीज किती वेळा जाते ते विचारा, तो खोटं बोलणार नाही.

चंदगडचा एक मुलगा काजूचा धंदा घेऊन आला होता. त्याला कळंगुटला काचेचं दुकान हवं होतं. आम्ही बसून ठिपके काढले. काजू फोडणं-भाजणं गावीच राहू दे, तिथे कच्चा माल आणि माणसं आहेत. इथे पावसात काजू नरम पडणार नाही अशी कोरडी बंद खोली करासवाड्याच्या आसपास घ्यायची, आणि म्हापसा, पणजी, कळंगुटच्या चालू दुकानांना माल घालायचा, असं निघालं. खोली त्याने अकरा महिन्यांच्या करारावर घेतली, मालकाकडून व्यापारी मीटर करून घेतला. कळंगुटच्या काचेच्या दुकानाचं तो पहिला मे महिना पार पडल्यावर बघणार आहे.