हिमोफिलिया असलेल्या मुलाच्या मणक्यात रक्तस्राव: या चुका टाळा

हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार) असलेल्या घरात गुडघा, घोटा, कोपर यांची दुखणी सगळ्यांच्या ओळखीची असतात. सांधा गरम लागला, मूल लंगडायला लागलं की फॅक्टर (रक्त गोठवणारं, या मुलांत कमी असलेलं प्रथिन) द्यायचा, हे अंगवळणी पडलेलं असतं. मणक्यातला रक्तस्राव मात्र बाहेरून दिसतच नाही. ना सूज, ना काळंनिळं, आणि पुष्कळदा मूल पडल्याचंही कुणाला आठवत नाही. शिवाय तो क्वचितच होतो. त्यामुळे पालकच काय, रात्रपाळीचे डॉक्टरही सुरुवातीला भलत्याच आजाराच्या मागे लागतात.

हे रक्त बहुतेक वेळा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, पण मणक्यांच्या हाडी पोकळीतच साचतं. तिथे पसरायला आडवी जागा नसते. मग ते वर-खाली अनेक मणक्यांपर्यंत सरकत जातं आणि मज्जारज्जू दाबला जातो. दाब जितका लांबेल तितकं नुकसान भरून येणं अवघड. म्हणूनच इथल्या बहुतेक चुका शेवटी वेळ घालवण्याच्याच असतात.

‘पाय हलतायत ना, मग सकाळी बघू’

पाय लुळे पडणं, लघवी अडकणं किंवा तिच्यावरचा ताबा जाणं ही उशिराची लक्षणं आहेत. त्यांची वाट पाहायची नसते. त्याआधी बहुतेक वेळा फक्त दुखणं असतं: मान किंवा पाठ दुखते, मान एका बाजूला कलते, मूल वळताना सगळं अंग एकदम वळवतं, वाकून खेळणं उचलायला नको म्हणतं.

बोलता न येणाऱ्या बाळाच्या बाबतीत खरी परीक्षा असते. दात येतायत, पोटात मुरडा आहे, दृष्ट लागली असेल, असे सगळे तर्क होतात. नीट बघा: एरवी कडेवर घेतलं की गप्प होणारं बाळ उचलल्यावर जास्तच किंचाळतं का? लंगोट बदलताना पाय वर घेतले की रडतं का? काल रांगणारं, बसणारं बाळ आज नुसतं पडून राहतंय का? लंगोट कित्येक तास कोरडाच आहे आणि ओटीपोट टणक लागतंय का? हिमोफिलिया असलेल्या बाळात यातली एक गोष्ट जरी नव्याने दिसली, तरी रक्तस्राव नाही हे ठरेपर्यंत तो आहे असंच धरून चालायचं.

आधी स्कॅन, मग फॅक्टर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एमआरआयची वेळ मिळायची, लहान मुलाला भूल द्यायची, रिपोर्ट यायचा, यात सहज काही तास जातात आणि तेवढा वेळ आत रक्त वाहतच राहतं. क्रम उलटा हवा: संशय आला की फॅक्टर, आणि फॅक्टर गेल्यावर स्कॅन. स्कॅन चांगला निघाला तर एक डोस जास्त गेला, एवढंच. घरी फॅक्टर असेल आणि देता येत असेल तर निघण्याआधीच द्या. देणं जमत नसेल तर त्यात वेळ न घालवता तो सोबत घेऊन निघा.

डोसही सांध्याच्या रक्तस्रावाएवढा पुरत नाही. इथे हिमोफिलिया ए मध्ये, म्हणजे फॅक्टर आठ कमी असतो त्या प्रकारात, त्याची पातळी ८० ते १०० टक्क्यांवर न्यावी लागते. फॅक्टर आठचं एक युनिट दर किलोला दिलं की पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते, म्हणून १०० टक्क्यांसाठी किलोला ५० युनिट. १२ किलोच्या मुलाला ६०० युनिट झाले. हाताशी ५०० आणि २५० च्या बाटल्या असतील तर दोन्ही पूर्ण द्यायच्या. १५० युनिट वाचवण्याची ही वेळ नव्हे. हिमोफिलिया बी मध्ये फॅक्टर नऊ कमी असतो; त्याचं एक युनिट पातळी जेमतेम १ टक्क्याने वाढवतं, आणि लहान मुलांत रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेला) प्रकार त्याहूनही कमी. ए चं गणित बी ला लावलं तर डोस निम्म्यावर येतो. मला विचाराल तर मुलाचं ताजं वजन, हिमोफिलियाचा प्रकार, इनहिबिटर (दिलेला फॅक्टर निष्प्रभ करणारी शरीरातली प्रतिद्रव्यं) आहेत की नाहीत आणि मोठ्या रक्तस्रावाचा डोस, एवढं एका कागदावर लिहून तो फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवावा. घाबरलेल्या अवस्थेत आकडे कुणालाच आठवत नाहीत.

मेंदूज्वर समजून पाठीतून पाणी काढणं

ताठ मान आणि किरकिरं मूल पाहिलं की डॉक्टरांच्या मनात मेंदूज्वर येणं साहजिक आहे. पण फॅक्टरची पातळी न वाढवता पाठीत सुई घातली तर त्या सुईनेच मणक्यात रक्तस्राव होऊ शकतो. संसर्गाची शंका असेल तर अँटिबायोटिक लगेच सुरू करता येतं. पाणी काढायला फॅक्टर जाईपर्यंत थांबायला हवं. हिमोफिलिया ठाऊक असेल तर हे टळतं. अवघड असतं ते घरात आधी कुणालाच हा आजार नसताना. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात त्याचा इतिहास सापडत नाही, आणि मणक्यातला रक्तस्राव हीच एखाद्या बाळात आजाराची पहिली खूण ठरू शकते.

दुसरा घोळ कंबरेच्या आतल्या सोआस स्नायूतल्या रक्तस्रावाशी होतो. त्यात मूल मांडी पोटाकडे दुमडून ठेवतं, पाय सरळ करू देत नाही, जांघेत दुखतं. फरक तपासणीत ठरेल. फॅक्टर दोन्हींत तातडीनेच लागतो.

‘ते नवं इंजेक्शन चालू आहे, त्याला रक्तस्राव होणार नाही’

हे इंजेक्शन म्हणजे हिमोफिलिया ए साठीचं एमिसिझुमॅब. त्याने कित्येक मुलांचं आयुष्य सुकर केलं आहे, यात शंका नाही. पण ते रक्तस्राव टाळण्याचं औषध आहे, सुरू झालेला थांबवण्याचं नाही. जास्तीचा डोस देऊन उपयोग नाही. इनहिबिटर नसतील तर फॅक्टर आठच द्यायचा. इनहिबिटर असतील तर या मुलांत सक्रिय फॅक्टर सात हे बायपासिंग औषध (फॅक्टर आठला वळसा घालून रक्त गोठवणारं) पसंत करतात. एपीसीसी या दुसऱ्या बायपासिंग औषधाचा डोस दिवसाला किलोमागे १०० युनिटांपेक्षा जास्त होऊन २४ तासांवर चालू राहिला, तर एमिसिझुमॅबबरोबर रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. हा परिणाम एमिसिझुमॅबच्या शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंत राहू शकतो.

एमिसिझुमॅबमुळेच एपीटीटी ही रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी फसवी ‘नॉर्मल’ येते, आणि फॅक्टर आठची नेहमीची चाचणीही चुकीची जास्त पातळी दाखवते. त्यासाठी वेगळी क्रोमोजेनिक चाचणी लागते. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना हे माहीत असेलच असं नाही. औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख पालकांनीच आपणहून सांगावी.

एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त होणं

एक्स-रेमध्ये साचलेलं रक्त दिसत नाही. सीटी स्कॅनमध्येही ते निसटू शकतं. खात्रीची तपासणी एमआरआय.

पाठ चोळणं, मालिश, कुणा जाणकाराकडून मणका ‘बसवून’ घेणं हे सगळं बंद. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको, पॅरासिटामॉल चालतं. स्नायूत इंजेक्शन नको.

ऑपरेशनची घाई, नाहीतर ऑपरेशनला ठाम नकार

हिमोफिलियात फॅक्टरची पातळी वर ठेवून, दर काही तासांनी पायांची ताकद, संवेदना आणि लघवी तपासत राहिलं तर बऱ्याच मुलांचं रक्त आपोआप शोषलं जातं. मणक्याची हाडं कापून दाब कमी केला तर वाढीच्या वयात पुढे पाठीला बाक येऊ शकतो, म्हणून उगाच घाई करत नाहीत. पण उपचार चालू असताना ताकद कमी होत गेली तर न्यूरोसर्जनचा निर्णय लांबवण्यात अर्थ नाही. तेव्हाही पातळी आधी वर हवी, आणि ती ऑपरेशनभर व नंतरही टिकायला हवी. त्यामुळे रक्तविकारतज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन या दोघांचंही पहिल्याच दिवशी बोलणं व्हावं.

मूल खेळायला लागलं म्हणून फॅक्टर थांबवणं

दुखणं दोन-तीन दिवसांत ओसरतं, रक्ताची गाठ मात्र अजून कच्चीच असते. पहिला आठवडा पातळी उंच आणि नंतर काहीशी कमी ठेवत साधारण तीन आठवडे उपचार चालतो. फॅक्टर आठ ८ ते १२ तासांत निम्मा होतो, लहान मुलांत आणखी लवकर. रात्रीचा डोस ‘झोपलंय, राहू दे’ म्हणून चुकवला तर सकाळी पातळी खाली गेलेली असते. त्यानंतर नियमित प्रोफिलॅक्सिस (रक्तस्राव होऊ नये म्हणून ठरावीक दिवसांनी घ्यायचं औषध) नसेल तर सुरू करण्याबद्दल विचारा, असेल तर डोस पुरेसा आहे का ते तपासून घ्या, आणि नवा इनहिबिटर तयार झाला नाही ना याची चाचणी करून घ्या. फिजिओथेरपी कधी सुरू करायची आणि एमआरआय पुन्हा केव्हा करायचा, हे घरी जाण्याआधी लिहून घ्या.